तिसरा कॅमेरा रागावलेला आहे

"तो कानसेन मला एकदा भेटू दे," ती म्हणाली, "त्याचे दोन्ही कान उपटून हातात नाही दिले तर नाव बदलीन!"

दुरुस्तीवाल्या काकांनी मान वर केली नाही. त्यांच्या टेबलावर तिच्या ट्रायपॉडचं डोकं उघडं पडलं होतं आणि त्यातला एक स्क्रू का फिरत नाही, ते भिंग लावून बघत होते. दुकान एवढंसं. भिंतभर वायरींची भेंडोळी, कोपऱ्यात घरघरणारा पंखा आणि गिऱ्हाइकांसाठी दोन स्टुलं. एका स्टुलावर ती बसली होती... म्हणजे बसत होती आणि उठत होती. दुसऱ्यावर एक उंच, किडकिडीत तरुण ओली छत्री गुडघ्यांत धरून बसला होता. बाहेर सकाळपासून रिपरिप चालली होती.

"ऐका काका, साप्ताहिकात काय लिहिलंय त्याने, ऐका!" तिने फोन डोळ्यांसमोर धरला. "'दहावा ग्रह या बँडच्या सात कॉन्सर्टचे व्हिडिओ मी लागोपाठ पाहिले. कॅमेरा नंबर एक गाणी ऐकायला आला आहे. कॅमेरा नंबर दोन नोकरीला आला आहे. तिसरा कॅमेरा मात्र रागावलेला आहे.' रागावलेला! पुढे ऐका. 'प्राणवायू या गाण्यात गायक, मी तिच्या उशाशी होतो, या ओळीवर येतो, आणि सातही वेळा तिसरा कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून उतरून त्याच्या बुटांवर जातो. एकदा झालं तर चूक म्हणता येईल. सात वेळा झालं तर ते मत आहे.'"

"हं," काका म्हणाले.

"हं काय? माझं मत! याला कुणी विचारलं होतं माझं मत? घरी बसायचं, पाय वर घ्यायचे, दुसऱ्यांनी घाम गाळून घेतलेले व्हिडिओ बघायचे, आणि खुसपटं काढायची!"

"पण... जातो का?" शेजारच्या स्टुलावरून हलकेच आवाज आला.

"कोण जातो?"

"कॅमेरा. बुटांवर."

तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. माणूस दिसायला गरीब होता. डोळे मात्र भलतेच जागे. "तुम्हाला काय करायचंय हो?"

"नाही, सहज. आणि तो भेटला तर आधी काय कराल? थेट कान, की त्याआधी काही बोलायची संधी—"

"थेट कान."

"हे घ्या कानसेन," काका खणातून हेडफोन काढत म्हणाले. "डावा कान मेला होता. आता दोन्ही चालतायत."

पंख्याची घरघर एकदम मोठी वाटायला लागली. तो उठून उभा राहिला, छत्री पडली, ती उचलायला वाकला तर हेडफोन पडला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्ही... तुम्ही इतका वेळ गप्प बसून ऐकत होतात?"

"ऐकणं हेच माझं काम—"

"कानसेन म्हणवता ना? मग माझ्या कॅमेऱ्यात डोळे कशाला खुपसलेत?"

हेडफोन उचलून तो म्हणाला, "मी कौतुक केलं होतं. शेवटचा परिच्छेद वाचा. 'त्या सगळ्या धुरात आणि झगमगाटात मला तेवढी एकच गोष्ट खरी वाटली.'"

"शेवटचा परिच्छेद आमच्या मॅनेजरने वाचला नाही. त्याने 'रागावलेला' वाचलं, आणि आज सकाळी मला आठव्या कॉन्सर्टमधून काढलं. फोनवर. दोन मिनिटांत."

त्याचा चेहरा असा उतरला की क्षणभर तिलाच कसंतरी झालं. पण क्षणभरच. ट्रायपॉड तसाच उघडा टाकून ती पावसात चालू लागली.

तिला सगळे 'तीन नंबर' म्हणत, कारण वर्षभर ती 'दहावा ग्रह'चा तिसरा कॅमेरा चालवत होती. हा बँड अवकाशाची गाणी करायचा. सिंथेसायझरचे लांबलचक सूर, गिटारचा घुमारा, मागच्या पडद्यावर संथ फिरणारे ग्रह आणि गुडघाभर धूर. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. मधेच उठून कॉफी पिऊन आलं तरी गिटार तिथेच असायची, फक्त ग्रह बदललेला असायचा. पण लोक वेडे होते त्यांच्यापायी. गायकाला सगळे 'कप्तान' म्हणत. तो चंदेरी बूट घालून धुरातून चालत आला की सभागृह नुसतं उसळायचं.

आणि कप्तान तिचा सख्खा थोरला भाऊ होता.

वर्षभर ती त्याच्याशी बोललेली नव्हती. हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण कामावर बोलायला दोन शब्द पुरतात, 'रेडी' आणि 'ओके'. हे दोन शब्द ती दादाला अगदी गोड आवाजात ऐकवायची. बाकीचं सगळं आत दडपून ठेवलेलं. कुणाला पत्ता नव्हता. आणि आता एका किडकिडीत माणसाने ते साप्ताहिकात छापून टाकलं होतं!

त्याच दुपारी कानसेनने आणखी एक घोळ घातला. चूक निस्तरायची म्हणून त्याने मॅनेजरला फोन केला. तुमच्या कॅमेरावालीला काढू नका, ती फार चांगलं काम करते, असं कळवळून सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "अच्छा! म्हणजे ओळख आहे तर तुमची." संध्याकाळपर्यंत बँडच्या सगळ्या माणसांत बातमी पोचली, की तीन नंबरने प्रसिद्धीसाठी पेपरात लिहून आणलं.

दुसऱ्या दिवशी ती साप्ताहिकाच्या कचेरीचे तीन मजले धाडधाड चढून गेली.

दाराशीच संपादिकाबाईंचं टेबल होतं. बाईंचा आवाज खणखणीत. "कोण पाहिजे?"

"कान."

"आत, उजवीकडे. भांडायचं असेल तर दार लावून घ्या. परवा एक बासरीवाले येऊन गेले, अख्ख्या ऑफिसला ऐकू आलं."

तिने दार लावलं. खोलीला खिडकी नव्हती. काळा पडदा, मोठा स्क्रीन, दोन खुर्च्या आणि वह्यांचा ढीग. तो तिला पाहून उभा राहिला आणि नकळत त्याने एक हात कानावर नेला.

"फोन केलात मॅनेजरला?"

"मला वाटलं..."

"तुम्हाला कुणी वाटायला सांगितलं? आता सगळे म्हणतायत, मी तुमच्याकडून लिहून घेतलं! मी! तुमच्याकडून! मला तुमचं नावसुद्धा माहीत नाही!"

"सांगू?"

"नको!"

तिने टेबलावर हात आपटला. तिथे एक वही उघडी होती. बारीक, नेटक्या अक्षरात नोंदी होत्या. 'दुसरी कॉन्सर्ट. चौदा मिनिटं वीस सेकंद. बूट.' 'तिसरी. बूट, मग धूर.' 'पाचवी. बूट. का?' त्या 'का'खाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

तिला काय वाटलं कोण जाणे... इतक्या काळजीने तिचं काम आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्याचाही तिला रागच आला.

"मी पुढच्या अंकात माफी छापतो," तो म्हणाला. "परीक्षकाची चूक झाली, तिसऱ्या कॅमेऱ्याच्या मनात तसं काही नव्हतं. एवढं म्हणा, चूक आहे म्हणून. लगेच छापतो."

तिने वहीतल्या त्या दोन रेघांवर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.

"एकदा बघता?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्क्रीनवर सातही व्हिडिओ एकदम लावले, सात चौकटींत, आवाज बंद करून. सात दादा, सात माइक, सात ठिकाणचा धूर. मग सातही ओठ एकाच ओळीवर हलले, आणि सातही चित्रं हलकेच खाली उतरली. हनुवटी, गळा, माइकचा दांडा, आणि शेवटी चंदेरी बूट. तिने हे असं एकत्र कधी पाहिलंच नव्हतं. हात तिचेच होते, पण आपण इतक्या शांतपणे, इतक्या ठरवून तोंड फिरवत होतो हे तिला आत्ता कळत होतं.

"आणि दुसरं एक," तो आता कामाच्या नादात आला होता, "गाण्याच्या सुरुवातीला तो श्वासासारखा आवाज आहे ना, तो कुठल्या यंत्राचा ते मला सात वेळा ऐकून कळलं नाही. सिंथेसायझर नाही तो. थांबा, ऐकवतो—"

खोलीभर तो आवाज पसरला. फुस्स... थांबा... फुस्स.

"बंद करा."

"नाही, इथे मागे बघा, एक बारीकशी टिकटिक—"

"बंद कर म्हणते ना!"

त्याने घाईघाईने बटण दाबलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"आईचं आहे ते," ती म्हणाली. "श्वासाचं यंत्र. मी रेकॉर्ड केलंय, माझ्या फोनवर. अकरा दिवस मी एकटी होते तिथे. दादा दौऱ्यावर. रोज 'उद्या येतो.' मग मी ते चाळीस सेकंद त्याला पाठवलं. म्हटलं, ऐक, अजून चालू आहे, ये. तो आला नाही. आई गेल्यावर आला. आणि वर्षभराने त्या आवाजाचं गाणं केलं त्याने, मला न सांगता. मी पहिल्या कॉन्सर्टला हेडफोन लावून कॅमेऱ्यामागे उभी, आणि कानात माझ्या आईचा श्वास! चार हजार लोकांनी फोनचे दिवे लावले, आणि दादा डोळे मिटून गातोय, मी तिच्या उशाशी होतो..."

ती गर्रकन वळली. "काय करायला हवं होतं मी? क्लोज-अप घ्यायला हवा होता?"

तो समजूत घालायला पुढे आला नाही, पाणी देऊ का म्हणून विचारलं नाही. नुसता ऐकत राहिला. ती थांबली तरी तो ऐकतच होता.

"हे मी लिहिणार नाही," तो शेवटी म्हणाला.

"कशावरून?"

"हे लिहिलं तर वर्षातला सगळ्यात गाजणारा लेख होईल. म्हणूनच." मग जरा अडखळत, "पण... तू त्याला सांगितलंस हे?"

"मला 'तू' म्हणायचं नाही!"

"तू आधी म्हणालीस."

"मी रागात म्हणाले!"

"मग मी कशात म्हणू?"

ती दार एवढ्या जोरात ओढून बाहेर पडली, की संपादिकाबाईंच्या टेबलावरची पेन्सिल घरंगळत खाली गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा तिथे होती. "लिहीत नाहीयेस ना, ते बघायला आले," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशीही तेच बघायला आली. आणि चौथ्या दिवशी त्याने दुसरी खुर्ची पुसून, स्क्रीनच्या बरोबर समोर सरकवून ठेवलेली होती.

हाताला काम नव्हतंच. ती त्याच्याबरोबर बसून जुने व्हिडिओ बघू लागली, आणि प्रत्येकावर भांडू लागली. तो डोळे मिटून ऐकायचा, म्हणून ती चिडायची. "व्हिडिओचं परीक्षण करतोयस ना? मग डोळे उघड!" ती आवाज बारीक करून चित्र बघायची, म्हणून तो हवालदिल व्हायचा. "अगं, ढोल कुठे गेला? ढोलवाल्याचे नुसते हात हलतायत!" तो दर दोन मिनिटांनी व्हिडिओ थांबवून वहीत काहीतरी टिपायचा. तिने वही काढून घेतली. त्याने मुकाट्याने खिशातून दुसरी काढली.

एकदा ती स्वतःचा कॅमेराच घेऊन आली. "खांद्यावर धर. पूर्ण 'प्राणवायू'भर. बावीस मिनिटं."

"का पण?"

"पुढच्या वेळी लिहिताना हाताला आठवेल."

सहाव्या मिनिटाला त्याचा खांदा थरथरू लागला. नवव्या मिनिटाला कपाळावरून घाम ओघळला. अकराव्याला कॅमेरा कलंडला. तिने खालून पटकन आधार दिला, आणि तिचा हात त्याच्या हातावर पडला. तसाच राहिला. स्क्रीनवर कुठलासा निळा ग्रह फिरत होता.

"लिही आता," ती हळूच म्हणाली, "'चौथा कॅमेरा मरतुकडा आहे.'"

तो हसला. तो हसताना आधी त्याचे कान वर सरकायचे आणि मग बाकीचा चेहरा हसायचा. हे आपण किती दिवस बघतोय, असं तिच्या मनात आलं, आणि तिने झटक्यात हात काढून घेतला. स्वतःवरच रागावून.

त्याच दिवशी निघताना तो म्हणाला, "दादाशी बोल."

"हा विषय नको."

"सात वेळा सांगितलंस त्याला. कॅमेऱ्याने. त्याला कळलं नाही. मला कळलं, आणि मी तर परका."

"परकाच आहेस. तू कोण लागतोस रे मला हे शिकवणारा? चार दिवस शेजारी बसलास म्हणून? तुझी आई गेली होती का?"

बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं. पण थांबायचा तिचा स्वभाव नव्हता. दोन दिवस ती तिकडे फिरकली नाही. दोन्ही दिवस घरात भांडी आपटली, कपाटं आवरली, आणि आवरलेली कपाटं परत उपसली. त्याचा फोन आला नाही, म्हणून रागावली. दुसऱ्या दिवशी एकदाचा आला, तर उचलला नाही.

तिसरा दिवस आठव्या कॉन्सर्टचा होता. भर दुपारी ती सभागृहात शिरली. दारावरच्या माणसाला तिला काढल्याचं माहीत नव्हतं, त्याने सवयीने सलाम केला. आत स्टेजवर आवाजाची तपासणी चालली होती. दादा एका स्पीकरवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता.

तिला पाहून त्याचे हात थांबले. "चिऊ..."

"चिऊबिऊ म्हणू नकोस."

"बरं. काय म्हणू मग? तीन नंबर?" तोही भडकलेलाच होता. "पेपरात वाचायला लागलं मला! सात कॉन्सर्ट माझ्या बुटांचं शूटिंग केलंस. एकदा तोंडाने बोलली असतीस!"

"तू एकदा आला असतास!"

स्टेजवर सगळं चिडीचूप झालं. ढोलवाला काठ्या घेऊन हळूच विंगेत सटकला. वर कुठेतरी आवाजवाला म्हणत होता, "हॅलो, चेक. हॅलो." मग तोही गप्प झाला.

"अकरा दिवस, दादा. रोज ती दाराकडे बघायची. मी तिला काय काय सांगितलं माहितीये? बस चुकली. गाडी बंद पडली. रस्ता बंद आहे. तुझ्यासाठी तिच्याशी खोटं बोलले मी, शेवटपर्यंत. आणि तू माझ्या जागेवर जाऊन बसलास! चार हजार लोकांसमोर! मी होते तिच्या उशाशी. मी!"

दादा नाडीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिला.

"तू पाठवलेला तो आवाज मी बसमध्ये ऐकला," तो म्हणाला. "परत ऐकला. शंभरदा ऐकला असेल. वाटायचं, मी ऐकत राहीन तोवर तो चालू राहील. आणि आलो असतो तर... थांबलेला बघावा लागला असता." त्याने मान वर केली. "भ्यालो. बाकी काही नाही. मी भ्यालो, चिऊ."

"आणि मग गाण्यात बरा आलास."

"गाण्यात तरी तिथे असावं, असं वाटलं."

तिचा राग ओसरला नाही. पण इतके दिवस तो ज्या चेहऱ्यावर होता, तो चेहरा आता समोर नव्हता. कप्तान नव्हता समोर. लहानपणी वीज कडाडली की तिच्याच पांघरुणात शिरणारा दादा होता.

"मी माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"मी माफी मागितलीही नाही अजून. ती मागायलाही भीतीच वाटते." मग त्याने ओरडून मॅनेजरला बोलावलं. "आज तीन नंबरवर तीन नंबर."

"पण साहेब, पेपरात..."

"पेपरात बरोबर आलंय."

संध्याकाळी सभागृह भरलं. धूर सुटला, ग्रह फिरू लागले. 'प्राणवायू' सुरू झालं आणि तिच्या हेडफोनमध्ये आईचा श्वास आला. चौदाव्या मिनिटाला दादा माइकजवळ आला. तिने चौकट त्याच्या चेहऱ्यावर आणली आणि दात आवळून तशीच धरून ठेवली.

ओळ आली. दादाने ती गायली नाही.

वाद्यं वाजत राहिली. लोकांना वाटलं, तो शब्द विसरला. कुणीतरी मागून ओळ म्हणायला सुरुवात केली आणि मधेच थांबला. दादा सरळ तिसऱ्या कॅमेऱ्याकडे बघत होता. घाबरलेला, घामाने भिजलेला, ओठ मिटलेला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. तिने अजूनही माफ केलं नव्हतं. पण ती बघत होती. गाणं संपेपर्यंत बघत राहिली.

शनिवारी साप्ताहिक आलं. तिने उभ्या उभ्या पानं उलटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग शेवटापासून पहिल्यापर्यंत. आठव्या कॉन्सर्टवर एक अक्षर नव्हतं!

म्हणजे सात वेळा चुकले तेव्हा पानभर, आणि एकदा धड काम केलं तर काहीच नाही? तिने तडक कचेरीत फोन लावला. संपादिकाबाईंनीच उचलला.

"परीक्षण का नाही आलं?"

"तुम्ही कोण? कॅमेरा नंबर तीन?" बाई म्हणाल्या. "अहो, तो मंगळवारी आला माझ्याकडे. म्हणाला, हा बँड माझ्याकडून काढून घ्या. तिसऱ्या कॅमेऱ्याबद्दल माझं मन आता निष्पक्ष राहिलेलं नाही. मी म्हटलं, नीट बोल, लेखासारखं बोलू नकोस. तर म्हणाला, प्रेम आहे. सगळ्यांनी ऐकलं. शिपायाने तर त्याचं अभिनंदनसुद्धा केलं."

"मंगळवारी?" तिचा आवाज चढला. "आज शनिवार आहे!"

तिने फोन ठेवला. अर्ध्या तासात ती त्या इमारतीच्या जिन्यात होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो भेटला, खालून कॉफी घेऊन वर चाललेला, दोन्ही हातांत कागदी पेले.

"मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार!" ती म्हणाली. "मला सोडून अख्ख्या ऑफिसला सांगितलंस?"

तो जागच्या जागी थिजला. "त्यांना... कारण द्यावं लागतं. नियम आहे तसा."

"आणि मला?"

"तुला सांगायला नियम नाही ना. धीर लागतो. तू फोनही उचलला नव्हतास."

"एकदाच केलास! मी दुसऱ्यांदा उचलणार होते!"

"मला कसं कळणार—"

"सात व्हिडिओ बघून सगळं कळतं, आणि हे कळत नाही? सांग आता."

"इथे? जिन्यात?"

"जिन्यात."

वरून एक कारकून फायलींचा गठ्ठा घेऊन उतरत होता. "जरा वाट द्या," म्हणाला. दोघं भिंतीला चिकटून उभे राहिले, अगदी जवळ. पेल्यांतली वाफ दोघांच्या मधून वर जात होती. कारकून एकेक पायरी मोजत उतरल्यासारखा उतरला.

"मला तू आवडतेस," तो पेल्यांकडे बघत म्हणाला. मग पेल्यांकडे बघणं बरं नाही हे त्याच्याच लक्षात आलं, आणि त्याने वर पाहिलं. "फार आवडतेस. रागावलेली आवडतेस. न रागावलेली कशी असतेस ते अजून पाहिलेलं नाही, पण तीही..."

"तिला वेळ लागेल."

"मला घाई नाही."

तिने त्याच्या हातातला एक पेला काढून घेतला. "ही कुणाची?"

"उपसंपादकांची."

"आता माझी." तिने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "शी! साखरच नाही हिच्यात."

"थांब, आणतो खालून—"

"नको." तिने त्याची बाही धरली. "कुठेही जायचं नाही."

ती पायरीवर बसली आणि भिंतीकडे सरकून त्याच्यापुरती जागा केली. तो बसला. जिना अरुंद होता, खांद्याला खांदा लागत होता. बराच वेळ ती कडू कॉफी घोटघोट पीत राहिली. शेवटी समोरच्या भिंतीकडे बघत, कपाळावरची आठी तशीच ठेवून म्हणाली,

"माझंही आहे. प्रेम. आणि यातला एक शब्द जरी कुठे छापलास, तर बघ!"